डिस्क की रिम? सायकलच्या ब्रेकचा हिशेब, सपाट गावातून

खुर्सीपारमध्ये सायकलला घाट उतरावा लागत नाही. भिलाई पोलाद कारखान्यालगतची ही वस्ती छत्तीसगडच्या मैदानात आहे. पॉवर हाऊसकडे जा नाहीतर नंदिनी रोडला लागा, चढ-उतार म्हणावा असा नाहीच. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि पुढच्या काळात विदर्भातल्या मराठी कुटुंबांसह देशभरातली माणसं इथल्या क्वार्टरांत राहायला आली. अशा पाळ्यांच्या गावात सायकल ही हौस नसते. ती पहाटे अंधारात निघते, रात्री अंधारात परतते, पावसात भिजते, कॅरिअरवर गहू नाहीतर गॅसचं सिलिंडर वाहते आणि दिवसभर स्टँडवर इतर सायकलींच्या गर्दीत उभी राहते. ‘डिस्क ब्रेक चांगला की रिमचा’ हा प्रश्न बहुतेक वेळा घाटात उतरणाऱ्या महागड्या सायकली डोळ्यांसमोर ठेवून विचारला जातो. तो खुर्सीपारच्या रस्त्यावर आणून विचारला, तर उत्तराचे निकषच बदलतात. नव्या ब्रेकची ताकद मागे पडते. वर्षभर फारशी निगा न राखलेला ब्रेक पावसाळ्यात काय करतो, आणि त्याची झीज मालकाला वेळेवर दिसते का, हे प्रश्न पुढे येतात.

आधी यंत्र समजून घेऊ. दोन्ही ब्रेकांचं काम एकच आहे: फिरणाऱ्या कड्याला दोन्ही बाजूंनी चिमटा घ्यायचा आणि घर्षणाने गतीची उष्णता करायची. त्या अर्थाने सायकलची रिमसुद्धा एक भली मोठी तबकडीच आहे. फरक त्रिज्येचा आहे. नेहमीच्या मोठ्या चाकात रबर रिमला धरतं ते केंद्रापासून सुमारे ३१ सेंटिमीटरवर. १६० मिलिमीटर व्यासाच्या डिस्कवर पॅड धरतं ते जेमतेम साडेसात सेंटिमीटरवर. म्हणजे घर्षण सारखं धरलं, तर चाक तितक्याच जोराने रोखण्यासाठी डिस्कला चौपटीहून जास्त दाब लागतो. हा दाब हायड्रॉलिक ब्रेक तेलाच्या जोरावर देतो, तर केबलवर चालणारा डिस्क ब्रेक आतल्या तरफेच्या जोरावर. दाब वाढवायचा तर पॅडने सरकायचं अंतर कमी करावं लागतं, म्हणून डिस्क आणि पॅड यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच ठेवतात. रिम ब्रेकमध्ये ती दोन-तीन मिलिमीटरही चालते. या एका फरकातून दोन्ही ब्रेकांचे बहुतेक गुणदोष निघतात. डिस्क नेमकी आहे, म्हणून नाजूकही आहे. रिम ब्रेक ढोबळ आहे, म्हणून चुका पोटात घालतो.

डिस्कच्या बाजूने पहिला दावा असतो ताकदीचा. तो खरा आहे, पण वाटतो तितका उपयोगाचा नाही. सरळ बसून चालवायच्या सायकलला किती जोरात थांबवता येईल याला ब्रेकच्या आधी दुसरीच मर्यादा आडवी येते: साधारण अर्ध्या ‘जी’च्या आसपास, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने वेग उतरवू लागलं, की मागचं चाक उचललं जाऊ लागतं आणि माणूस हँडलवरून पुढे जाऊ पाहतो. कोरड्या रस्त्यावर नीट लावलेला व्ही-ब्रेकसुद्धा, म्हणजे साधा रिम ब्रेकच, या मर्यादेपर्यंत पोहोचतो. ताशी २० किलोमीटर वेगात, या मर्यादेवर थांबायला लागतात सुमारे ३.२ मीटर. पण समोर गाय आली हे कळून बोटं ब्रेकवर आवळली जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर सायकल तेवढ्यात साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. पुढचा ब्रेक न वापरता फक्त मागचा दाबला, तर थांबण्याचं अंतर दुप्पट होतं, कारण वेग उतरताना वजन पुढे सरकतं आणि मागचं चाक हलकं होऊन घसरतं. डिस्क बसवून जे काही सेंटिमीटर वाचतील, त्याहून जास्त अंतर पुढचा ब्रेक जुळवून घेण्यात आणि तो वापरायची सवय लावण्यात वाचतं. पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटतो, या भीतीने तो ढिलाच ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या सायकलला डिस्क लावून काही फायदा नाही.

दुसरा दावा उष्णतेचा, आणि इथे गावाचा भूगोल निर्णायक ठरतो. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो वजन धरलं, तर ताशी २० किलोमीटर वेगात असलेली गतिज ऊर्जा सुमारे १.४ किलोज्यूल होते. ती एकदा ब्रेक दाबला की संपते, आणि रिमला कोमटपणाही जाणवत नाही. तेच वजन बोरघाटात सुमारे ५०० मीटर खाली उतरवायचं झालं, तर उष्णतेत बदलायची ऊर्जा ४४० किलोज्यूलच्या घरात जाते, म्हणजे सपाटीवर तीनशेहून जास्त वेळा थांबण्याइतकी. त्यातली काही हवेच्या रोधात जाते, पण उरलेली रिममध्ये साठली तर ट्यूब फुटू शकते आणि कार्बनची रिम बिघडू शकते. डिस्कमध्ये ही उष्णता टायरपासून दूर, चाकाच्या मध्याशी राहते. पसरणी घाटातून वाईला उतरणाऱ्याने किंवा पुण्याहून कोकणात जाणाऱ्याने डिस्कच घ्यावी, यात वाद नाही. शर्यतींच्या सायकलींनी डिस्क स्वीकारली तीही मुख्यतः डोंगरउतार, कार्बनच्या रिमा आणि पाऊस यांच्यासाठी. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०१५ मध्ये रस्त्याच्या शर्यतींत डिस्कची चाचणी सुरू केली, २०१६ च्या वसंतात एका शर्यतीतल्या दुखापतीनंतर ती थांबवली, आणि १ जुलै २०१८ पासून डिस्कला रीतसर मान्यता दिली. हा निकाल त्या रस्त्यांपुरता आहे. सपाट गावातल्या पाळीवाल्याच्या सायकलला तो जसाच्या तसा लावता येत नाही.

मग सपाट गावात डिस्कच्या बाजूने काही उरतं का? उरतं, आणि ते फार महत्त्वाचं आहे: पाणी. दुर्ग-भिलाईच्या पट्ट्यात वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो आणि तो जवळपास सगळा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पडतो. आपल्याकडची साधी काळी सायकल, २८ इंची चाकाची, सळयांच्या ब्रेकची, हिची रिम लोखंडी असते आणि वर क्रोमचा चकचकीत मुलामा. कोरड्यात ती चालते. ओल्या क्रोमवर मात्र साधं रबर घसरतं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९७० च्या दशकात झालेल्या चाचण्यांत ओल्या क्रोमवर नेहमीच्या रबरांचं घर्षण कोरड्याच्या दहाव्या भागाखाली आलेलं दिसलं. याचं गणित साधं आहे: कोरड्यात साडेचार मीटरमध्ये थांबणारी सायकल तेवढ्याच दाबाने ओल्यात पंचेचाळीस मीटर मागेल. प्रत्यक्षात चाक काही फेरे फिरल्यावर रबर पाणी पुसून काढतं आणि माणूसही ब्रेक जोरात आवळतो, म्हणून अंतर इतकं वाढत नाही. पण पहिल्या काही मीटरांत सायकल थांबतच नाही, आणि अपघात बहुधा त्याच मीटरांत होतो. चामड्याची पट्टी लावलेली रबरं ओल्या लोखंडावर बरी धरतात, पण बाजारात ती सहज मिळत नाहीत. अॅल्युमिनियमच्या रिमवर ओल्यातली घट पुष्कळ कमी असते, तरी ती असते. डिस्क जमिनीपासून उंच असते, तिच्या भोकांतून पाणी निघून जातं आणि पॅडचा दाब जास्त असल्याने पाण्याचा थर लगेच तुटतो. म्हणून पावसात तिचं वागणं कोरड्याच्या सर्वांत जवळ राहतं.

आंतरराष्ट्रीय मानकांनीही ही तफावत धरलेली आहे. शहरी सायकलींच्या चाचणीत कोरड्यात ताशी २५ किलोमीटर वेगावरून ७ मीटरमध्ये थांबणं अपेक्षित असतं, तर ओल्यात ताशी १६ किलोमीटरवरून ५ मीटरमध्ये. दोन्हींतून निघणारं मंदन काढून पाहिलं तर ओल्यातली अट कोरड्याच्या जेमतेम सत्तावन्न टक्के भरते. म्हणजे मानक ओल्या ब्रेकला सवलत देतं, आणि तीही नव्या, नीट जुळवलेल्या सायकलवर. यावरून एक गोष्ट पुढे येते जी डिस्क-रिम वादात हरवते: मैदानी प्रदेशात खरी दरी डिस्क आणि रिम यांच्यात नसून लोखंडी रिम आणि बाकी सगळे यांच्यात आहे. लोखंडी रिमवरून अॅल्युमिनियमच्या रिमवर आल्याने पावसातली सुरक्षितता जितकी वाढते, तितकी अॅल्युमिनियमवरून डिस्कवर आल्याने वाढत नाही. आणि पहिली सुधारणा दुसरीपेक्षा स्वस्त आहे.

आता झीज. रिम ब्रेकवरचा सर्वांत वजनदार आक्षेप हा की तो चाकालाच खातो. हा आक्षेप पूर्ण खरा आहे. पावसाळ्यात रस्त्यावरचा चिखल रिमवर उडतो. त्यातली वाळू आणि लोहखनिजाची धूळ अॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण असते. ती रबरात रुतली की ब्रेक दर वेळी रिमवर कानस फिरवतो. दल्ली-राजहऱ्याहून खनिज येणाऱ्या आणि दिवसरात्र अवजड वाहनं धावणाऱ्या पट्ट्यात ही धूळ कमी नसणार. रिमची भिंत पातळ होत गेली, तर टायरच्या हवेच्या दाबाने ती एखाद्या दिवशी चिरते, आणि तेव्हा ब्रेकच नव्हे, चाकच जातं. डिस्कची मोठी देणगी नेमकी हीच की तिने झीज चाकावरून उचलून एका सुट्या, बदलता येणाऱ्या भागावर नेली. नवी शिमानोची डिस्क १.८ मिलिमीटर जाड असते आणि दीड मिलिमीटरला आली की बदलायची. तोवर चाकाला ओरखडाही नाही. पॅडचं अस्तर अर्ध्या मिलिमीटरवर आलं की तेही बदलायचं. कागदावर हा हिशेब डिस्कच्या बाजूने सुटतो.

पण कागद आणि रस्ता यांच्यात एक पायरी आहे: ती झीज कोणाला दिसते? रिमवरची झीज डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते. बहुतेक बऱ्या रिमांवर एक बारीक खाच किंवा टिंब असतं. ते नाहीसं झालं की रिम संपली. खूण नसेल, तरी रिमच्या भिंतीवर शाळेतली पट्टी उभी धरली आणि मध्ये फट दिसली, की रिम पोखरली हे कळतं. रबरावरच्या खाचा संपल्या की रबर संपलं, हे दहा वर्षांचं मूलही सांगेल. डिस्कचं तसं नाही. पॅड कॅलिपरच्या, म्हणजे चिमटा घेणाऱ्या भागाच्या, पोटात असतं. टॉर्च लावून, कधी चाक काढूनच त्याची जाडी कळते. पंधरा-वीस शतांश मिलिमीटरने झिजलेली डिस्क मायक्रोमीटरशिवाय कळत नाही. पॅड संपून त्याची धातूची पाठ डिस्कवर घासू लागली तरी सायकल थांबत राहते, फक्त आवाज बदलतो, आणि आवाज करणाऱ्या सायकलींच्या गावात त्याकडे लक्ष जात नाही. चांगल्या मालकाच्या हातात डिस्क जास्त टिकते, बेफिकीर मालकाच्या हातात ती लपूनछपून संपते. ब्रेक निवडताना त्याची झीज किती होते हे पाहतातच. झीज किती दिवस लपून राहते हेही तितकंच पाहायला हवं.

देखभालीचा भाग दुकानाशी जोडलेला आहे. व्ही-ब्रेक १९९६ च्या सुमारास शिमानोने आणला आणि आता तो अगदी साध्या सायकलीवरही मिळतो. त्याला लागतात दोन पान्हे, एक केबल आणि रबरांची जोडी. रबर रिमच्या मध्यावर बसतं ना, वर टायरला घासत नाही ना, खाली घसरून आऱ्यांत जात नाही ना, एवढं पाहायचं. रबरात रुतलेले चकचकीत कण सुईने काढायचे, रिम पुसायची, पावसाळ्यापूर्वी केबलला तेल द्यायचं किंवा गंजलेली बदलायची. एकच चूक वारंवार होते: व्ही-ब्रेकला जुन्या ब्रेकची मूठ लावली जाते. व्ही-ब्रेकला साध्या ब्रेकच्या सुमारे दुप्पट केबल ओढावी लागते, म्हणून ती मूठ हँडलला टेकते तरी ब्रेक लागत नाही. जोडीची मूठ लावली की काम झालं. रबर जवळजवळ कुठलंही कुठेही बसतं, म्हणून रस्त्याकडेच्या लहानशा दुकानातही सुटा भाग मिळतो.

डिस्कच्या बाबतीत दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात, आणि गोंधळ तिथेच होतो. पहिली केबलवर चालणारी. तिच्या स्वस्त रूपात एकच पॅड हलतं, ते डिस्कला किंचित वाकवून स्थिर पॅडवर दाबतं. पॅड झिजेल तशी दोन्ही बाजूंची फट हाताने जुळवावी लागते. न जुळवल्यास मूठ हँडलकडे येत जाते आणि ताकद घटते. नियमित जुळवली तर ही बरी, नाहीतर नीट लावलेल्या व्ही-ब्रेकपेक्षा वाईट. दुसरी हायड्रॉलिक. ती झीज आपोआप भरून काढते, धुळीपासून बंद राहते आणि एका बोटाने चालते. गुणवत्तेत ती सर्वांत वर. पण तिला तिचंच तेल लागतं. शिमानो खनिज तेल वापरते, तर स्रॅमसारख्या काहींच्या अनेक ब्रेकांत डॉट प्रकारचं तेल असतं, जे हवेतली ओल शोषून घेतं. एकाच्या जागी दुसरं घातलं की रबरी सील फुगून ब्रेक कामातून जातो. पंक्चर काढताना सायकल उलटी टाकायची आपली सर्वत्र पद्धत. तेलात हवा असली तर ती या उलटण्यात नळीत शिरते आणि मूठ मऊ पडते. चाक काढलेलं असताना कोणी मूठ दाबली, तर पिस्टन बाहेर सरकून चाक परत बसत नाही. हे सगळं दुरुस्त होणारं आहे, पण दुरुस्त करणारा आणि त्याच्याकडे हवा काढायचं साहित्य, दोन्ही जवळ हवेत.

शिवाय डिस्कला तेलाचं वावडं असतं. साखळीवर मारलेला तेलाचा फवारा डिस्कवर उडाला, किंवा तेलकट बोटांनी ती धरली, की पॅड तेल शोषतात आणि ब्रेक किंचाळतो, पण धरत नाही. डिस्क अल्कोहोलने पुसता येते. तेल प्यालेलं पॅड बहुधा टाकूनच द्यावं लागतं. नवी पॅडं बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर वीस-तीसदा वेग घेऊन, चाक न अडवता तो उतरवत ती बसू द्यावी लागतात. हे न सांगता सायकल दिली की गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी ‘डिस्क लागतच नाही’ म्हणत परत येतं. आणि कारखान्याच्या किंवा स्टेशनच्या स्टँडवर सायकली एकमेकींत अडकवून काढताना शेजारच्या पॅडलचा धक्का डिस्कला लागतो. ती एक मिलिमीटरही वाकली, तरी दर फेऱ्याला घासते.

आता उलट बाजूचे आक्षेप. पहिला असा की आपल्या रस्त्यांवर खड्ड्यांनी रिम आऊट होते, आणि आऊट झालेल्या रिमवर रिम ब्रेक घासतो किंवा ढिला करावा लागतो. डिस्कला त्याचं काही नसतं. हा आक्षेप मान्य करायलाच हवा. पण आरे जुळवून आऊट काढणं हे प्रत्येक सायकल मिस्त्रीचं रोजचं काम आहे, आणि ते डिस्कच्या चाकालाही करावंच लागतं, नाहीतर आरे तुटत जातात. डिस्क इथे त्रास पुढे ढकलते, संपवत नाही. दुसरा आक्षेप: मिस्त्री शिकतील, जसे ते गिअर शिकले. शिकतील, शंका नाही. अडचण शिकण्याची कमी आणि सुट्या भागांची जास्त आहे. डिस्कच्या पॅडांचे आकार पुष्कळ, आणि एकाचं दुसऱ्यात बसत नाही. ज्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात चार आकारांची पॅडं लटकलेली दिसतील, त्या दिवशी या लेखाचा निष्कर्ष बदलायला हवा.

तिसरा आक्षेप विजेच्या सायकलींचा, आणि तो सर्वांत बळकट आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय चालणारी विजेची सायकल ताशी २५ किलोमीटरपर्यंत जाते. २० च्या जागी २५ झाले की गतिज ऊर्जा दीडपटीहून वाढते. त्यात बॅटरी-मोटरचं वजन आणि मागे लादलेला माल मिळवला, तर रिम आणि रबर दोन्ही लवकर संपतात. घरपोच सामान पोचवणाऱ्याने किंवा रोज लांबून येणाऱ्याने विजेची सायकल घेतली, तर हायड्रॉलिक डिस्क हाच शहाणा पर्याय, मग दुरुस्तीसाठी दुर्ग-रायपूरला जावं लागलं तरी. चौथा पर्याय या वादात कोणी मांडतच नाही: हबच्या आत बंद असलेला ड्रम ब्रेक. नेदरलँडच्या पावसात लाखो साध्या सायकली त्यावर आणि मागे पॅडल फिरवून लागणाऱ्या ब्रेकवर चालतात. त्यात पाणी शिरत नाही, रिम झिजत नाही, वाकायला डिस्क नसते. जोर थोडा कमी, पण सपाटीवर पुरेसा. खुर्सीपारसारख्या गावाला हा ब्रेक सर्वांत शोभला असता, मात्र आपल्या बाजारात तो सहज मिळत नाही. म्हणून आजचा निर्णय मिळतं त्यातूनच करावा लागतो.

तो निर्णय असा. मैदानी गावात, रोजच्या वापरासाठी, मोटर नसलेल्या सायकलीला अॅल्युमिनियमची रिम, बरा व्ही-ब्रेक आणि दर पावसाळ्याआधी नवी रबरं, हा सर्वांत भरवशाचा मेळ आहे. लोखंडी रिमची सायकल असेल, तर डिस्कच्या सायकलीसाठी पैसे साठवण्याआधी निदान पुढचं चाक अॅल्युमिनियमचं करून घ्यावं. त्याच पैशात पावसातलं थांबणं सर्वांत जास्त सुधारतं. स्वस्त केबलची डिस्क केवळ छान दिसते म्हणून घेऊ नये. घेतलीच, तर महिन्याकाठी फट जुळवून घेण्याची तयारी ठेवावी. हायड्रॉलिक डिस्क घाटवाल्याने, विजेच्या सायकलीवाल्याने आणि जवळ जाणता मिस्त्री असलेल्याने घ्यावी. छत्तीसगडमध्ये नववीतल्या मुलींना सरस्वती सायकल योजनेतून सायकली दिल्या जातात. अशा सरकारी खरेदीच्या अटींत रंग आणि टोपलीआधी रिम कोणत्या धातूची आणि ओल्यातली चाचणी झाली का, ही दोन कलमं हवीत. शाळा जूनमध्ये उघडते आणि पाऊसही जूनमध्येच येतो; त्या मुलीला पहिल्याच आठवड्यात ओल्या रस्त्यावर थांबता आलं पाहिजे, आणि ब्रेक ढिला झाला तर तो गावातल्याच दुकानात घट्ट करून घेता आला पाहिजे.